आमची वाटचाल : जागा अरुंद, अक्षर मोठं

दुकानांच्या पाट्या, प्लॉटरवर (संगणकावरून चालणाऱ्या कटिंग यंत्रावर) कापलेले स्टिकर आणि बाटल्या-पेट्यांची लेबलं, हे आमचं काम. मालवणच्या बाजारात दर्शनी भाग जेमतेम आठ-दहा फूट, नाव मात्र लांबलचक. त्यात 2022 च्या कायदादुरुस्तीनुसार पाटीवर मराठी नाव आधी हवं आणि त्याचं अक्षर इतर लिपीपेक्षा लहान चालत नाही. म्हणून कंडेन्स्ड, म्हणजे अरुंद अक्षरांची देवनागरी आम्हाला रोज लागते.

हाताने पाट्या रंगवायचो तेव्हा अडचण नव्हती. अक्षर कितीही अरुंद केलं तरी चपटा ब्रश तोच, म्हणून दांड्याची जाडी टिकायची. कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये नाव बाजूने धरून 70 टक्क्यांवर दाबलं की 20 मिमीचा उभा दांडा 14 मिमी होतो, शिरोरेषा मात्र 20 चीच राहते. पाटी वरून जड, खालून मरतुकडी दिसते. असं दाबलेलं काम आम्ही घेत नाही.

मुळातच अरुंद आखलेला फॉन्ट पारखायला ‘सिंधुदुर्ग’ लिहून बघावं. वेलांटीची कमान अनुस्वाराला चिकटते का, ‘ध’ची वरची फट मिटून तो लांबून ‘घ’ वाचला जातो का, ‘दु’मध्ये ‘द’ची शेपटी आणि उकार एकमेकांत घुसतात का, आणि रफार कुठे बसतो, हे एका शब्दात कळतं. रोमनमध्ये अक्षरं गिचमिड झाली तर मध्ये अंतर वाढवता येतं. आपल्याकडे तसं केलं की शिरोरेषा तुटते, म्हणून मोकळीक फॉन्टमध्येच हवी. दुसरी ओळही फार वर सरकवू नये, उकार खालच्या रफारावर आदळतो.

‘तेको’ आणि ‘खंड’ हे अरुंद फॉन्ट मथळ्याला, भावफलकाला उत्तम. पण परिच्छेदाला नकोत, डोळे शिणतात. ‘अनेक देवनागरी’ या फॉन्टमध्ये रुंदी 75 ते 125 टक्क्यांपर्यंत हवी तशी ठेवता येते, म्हणून पाटीला आमची पहिली पसंती त्यालाच. जुन्या कोरलमध्ये युनिकोड जोडाक्षरं फुटतात. तिथे नाव इंकस्केप या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप करून, आउटलाइन करून (अक्षरांचं चित्र बनवून) न्यावं.

व्हिनाइल (स्टिकरचा प्लास्टिक कागद) कापताना फार बारीक रेघेचा फॉन्ट घेऊ नये. वेलांटीचं टोक खाऱ्या, दमट वाऱ्यात आधी उचलतं.

लेबलाचा हिशोब वेगळा. कोकम सरबताच्या बाटलीवर निव्वळ वजन-मापाचा आकडा कितीही अरुंद करून चालत नाही: 2011 च्या पॅकेज्ड कमोडिटीज (पाकीटबंद वस्तू) नियमांनुसार अंकाची रुंदी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा कमी नको, सूट फक्त 1 सारख्या मोजक्या चिन्हांना. म्हणजे 4 मिमी उंच अंक किमान 1.34 मिमी रुंद. पडद्यावर हे कळत नाही. नमुना 100 टक्के आकारात छापून भिंगाखाली पट्टीने मोजतो आणि मगच छपाईची प्लेट काढतो.