उसना छ

बीजिंगमध्ये मी काय करते असं नाशिकला कोणी विचारलं, की 'गाणं शिकवायच्या ॲपमध्ये आहे' एवढंच सांगते. प्रत्यक्षात दिवसभर हेडफोन लावून व्यंजनं ऐकते. पेकिंग ऑपेरा शिकणाऱ्यांसाठी आम्ही नमुन्याची गाणी रेकॉर्ड करतो. त्यातल्या अक्षरा-अक्षराला उच्चाराची खूण लावायची आणि शिकणारा कुठे घसरला की स्क्रीनवर लाल दिसावं ते ठरवायचं, हा माझा भाग. गावभर चिनी माणसं असताना यासाठी मराठी बाई कशाला, हा प्रश्न आमच्या साहेबांनाही पडला होता.

उत्तर जुन्या नकाशात आहे. त्यावर पेकिंग असायचं आणि जवळच तिएनत्सिन. आता बीजिंग आणि तिएनजिन, दोन्हीकडे 'जि'. पण पेकिंगातला 'जि' मुळात 'कि' होता आणि तिएनत्सिनातला 'त्सि'. पुढे 'इ' आली की जीभ टाळूकडे ओढली जाते. तशी ती ओढली गेली आणि दोन्ही एकाच जागी येऊन बसले. आपण हे रोज करतो. 'त्याचा'मधला च दातांमागे असतो, 'त्याची' म्हटलं की टाळूला जातो, आणि हे आपल्याला कोणी शिकवलेलं नसतं. बीजिंगच्या बोलीत हे दोन गट इतके मिसळायला लागले होते, की कुठलं अक्षर कुठल्या गटातलं ते मांचू लिपीच्या आधाराने सांगणारं 'युआनयिन झंगखाओ' हे पुस्तक १७४३ साली लिहावं लागलं.

ऑपेराने मात्र ते मिसळू दिले नाहीत. नाव पेकिंगचं असलं तरी ही कला बाहेरून आलेली. १७९० मध्ये सम्राट छ्येनलुंगच्या ऐंशीव्या वाढदिवसासाठी आन्ह्वे प्रांतातल्या मंडळ्या राजधानीत आल्या, पुढे हूबेकडचे नट त्यांच्यात मिसळले, आणि गाण्यातल्या उच्चारांची शिस्त त्यांची राहिली. दातांमागचं अक्षर 'टोकदार', टाळूचं 'गोल'. विदूषक किंवा अवखळ नायिका बीजिंगच्या बोलीत संवाद म्हणतात तेव्हा हा भेद लागत नाही. राणी, सेनापती, म्हातारे मंत्री यांची त्यातून सुटका नाही. इथल्या मुलांच्या रोजच्या बोलण्यात तो उरलेलाच नसल्यामुळे ती याद्या पाठ करतात, आपण संस्कृतचे शब्द चालवायचो तशा. मला निदान ऐकायला तरी याद्या लागत नाहीत.

त्या दिवशी 'बावांग बिए जी' या नाटकातलं गाणं होतं. हे नाटक स्त्रीभूमिकांसाठी गाजलेले नट मेइ लानफांग यांनी १९२२ मध्ये यांग श्यावलोऊंबरोबर रंगमंचावर आणलेलं. युद्ध हरत आलेला राजा तंबूत झोपलाय आणि राणी एकटीच बाहेर चांदण्यात येते. तेव्हाच्या नानबांगझ चालीतल्या चार ओळी माझ्या दृष्टीने परीक्षेचा पेपरच. दुसरी ओळ 'त्सिंग'वर संपते. मन मोकळं करावं, असा अर्थ. मध्ये जिंगहूचा, म्हणजे ऑपेरातल्या दोन तारांच्या छोट्या सारंगीसारख्या वाद्याचा, तुकडा वाजतो आणि तिसरी ओळ 'छिंग'ने उघडते: हलकेच पाऊल टाकत. रस्त्यावर दोन्ही 'छिंग'च, फरक काय तो सुराचा. इथे एक टोकदार, एक गोल. त्याच तिसऱ्या ओळीत 'शियांग' गोल आणि त्याला लागून 'त्सियेन' टोकदार. जिभेला उसंत नाही.

गायला होती बीजिंगचीच एक विशीतली मुलगी. गळा असा, की एरवी मोबाइलमध्ये डोकं घालून बसणारा रेकॉर्डिस्टही वर बघायला लागला. शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या, रंगमंचावरून निवृत्त. पहिली ओळ झाली. दुसरीतला 'त्सिंग' आला तो इतका स्वच्छ, की बाईंनी डोळे मिटून मान हलवली. आजकालच्या पोरींच्या तोंडी असा टोकदार येत नाही, असं त्या मला हळूच म्हणाल्यासुद्धा. जिंगहू वाजली, तिसरी ओळ सुरू झाली, आणि 'छिंग'च्या जागीही 'त्सिंग'!

बाईंनी हात वर केला. परत. पुन्हा तेच. 'शियांग'चाही 'सियांग'.

बाईंचा निदान झाल्यासारखा चेहरा. टीव्हीवरच्या स्पर्धांतून पसरलेला रोग आहे हा, त्या म्हणाल्या. टोकदार म्हटलं की जुनं वाटतं, म्हणून दिसेल त्या अक्षराला टोक काढायचं. त्यात तथ्य आहे. तसल्या स्पर्धांच्या परीक्षकांना मीही मनातल्या मनात पुष्कळ लाल खुणा दिल्या आहेत. मुलगी बिचारी 'हो लाओशी, हो लाओशी' (लाओशी म्हणजे बाई, गुरुजी) करत होती आणि तेच परत गात होती. मी स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजाचा पट्टीवार आलेख, उघडला. 'स', 'त्स'च्या फुसकाराचा जोर वरच्या पट्टीत दिसतो, 'श', 'छ'चा खाली उतरतो. तिच्या सगळ्याच अक्षरांचा वर होता. यादी चुकलेल्या माणसाची काही अक्षरं इकडे, काही तिकडे पडतात. असं सरसकट होत नाही.

उलगडा जेवणाच्या सुट्टीत झाला. ती फोनवर कुणाला तरी 'किती वाजता' विचारत होती, आणि त्यातला 'जी' चक्क 'त्सी' होता. तिचं रोजचं बोलणंच तसं होतं. बीजिंगच्या मुलींमध्ये ही लकब जुनी आहे. ली जिनशी या भाषातज्ज्ञांनी १९२० च्या दशकात इथल्या मुलींच्या शाळेत ती टिपली आणि तेव्हापासून तिला 'मुलींची प्रमाणभाषा' अशा अर्थाचं नाव पडलं. म्हणजे बाईंनी ज्या 'त्सिंग'ला डोळे मिटून दाद दिली, तो परंपरेतून आलेलाच नव्हता.

मी बाईंना हे सांगितलं. त्यांनी मुलीला मराठीत 'अगं' म्हणावं अशा सुरात हाक मारली आणि विचारलं, "तुला दोन्हीतला फरक ऐकू येतो का?" मुलगी प्रामाणिक निघाली. नाही म्हणाली.

मग दुपारभर जिभेची कवायत. गोल अक्षराला जिभेचं टोक खालच्या दातांमागे ठेव आणि मधला भाग उचल. टोकदारला टोक वरच्या दातांजवळ. तासाभरात 'छिंग' जमला. पण त्याच्याबरोबर आधीचा 'त्सिंग'ही 'छिंग' झाला, आणि गाण्याचं पार बातमीपत्र झालं. वर रेकॉर्डिस्टने डी-एसर लावून ठेवला होता. फुसकार कानाला टोचू नये म्हणून वरची पट्टी दाबणारं हे यंत्र. पॉप गाण्यात त्याचं सगळे कौतुक करतात, इथे ते टोकदार अक्षरांचं टोकच घासून टाकतं. तो बंद करायला लावला तर हा माणूस मी त्याच्या आईबद्दल काही बोलल्यासारखा फुगून बसला.

संध्याकाळी साहेबांचा फोन आला. जुन्या उस्तादांच्या रेकॉर्ड ऐका आणि मिटवा, म्हणाले. सांगायला सोपं आहे. त्या काळच्या ७८ च्या तबकड्यांत ही वरची पट्टी नीट उतरतच नाही. नेमका फुसकारच अर्धवट येतो आणि ऐकणाऱ्याला जे हवं ते ऐकू येतं. ते सांगितल्यावर साहेब म्हणाले, "मग एडिट करा."

केलं. सकाळचा सर्वात चांगला टेक घेतला. गोल हव्या असलेल्या अक्षरांचा व्यंजनापुरता तुकडा काढला आणि तिथे बाईंनी सरावासाठी गाऊन ठेवलेल्या ट्रॅकमधला 'छ' आणि 'श' बसवला. या फुसकारात कंठाचा नाद नसतो, त्यामुळे कुणाचा आहे ते फारसं कळत नाही; स्वर सुरू झाला की कान मालक ठरवून मोकळा होतो. सांधा लपवायला मला फार वेळ लागला नाही, आणि खोटं कशाला बोलू, काम सुबक झालं. 'छिंग'चा छ सत्तरीचा, 'इंग' विशीचं.

बाईंनी सगळं ऐकलं. टोकदार तिथे टोकदार, गोल तिथे गोल. "बरोबर आहे," म्हणाल्या, आणि मग विचारलं, "पण हे गायलं कोणी?"

ते गाणं आता नमुना म्हणून ॲपमध्ये आहे. कोणी त्याच्याबरोबर गायलं की माझ्याच खुणांनुसार गुण पडतात. मुलीने त्यावर स्वतः गाऊन पाहिलं, तर तिसऱ्या ओळीत तिलाच लाल आलं. साहेबांना ही एडिटची युक्ती इतकी आवडली आहे, की पुढच्या गाण्यांना तालमीचा वेळच धरलेला नाही. मी दर गाण्यामागे एक अख्खा दिवस फक्त जिभेसाठी मागितला आहे. मुलगी रात्री व्हॉइस मेसेज पाठवते: दोन अक्षरं, एक टोकदार, एक गोल, ओळखा. अजून निम्मे मलाही ओळखता येत नाहीत, पण बाई म्हणतात पाठवत राहा. पुढचं गाणं 'क्वेफेइ झ्वेत्सियौ'. त्यात मद्यासाठीचा शब्द, तो 'त्सियौ', टोकदार आहे. तो तिला आयता येईल. बाकीच्यांचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही.