साडेसहाचा वर्ग

शनिवारी आणि रविवारी सकाळी साडेसहाला माझी शाळा भरते. मी कुडाळात, मुलं न्यू जर्सीत. तिकडे आदल्या दिवशीचे रात्रीचे आठ वाजलेले असतात आणि जेवून सुस्तावलेली नऊ मुलं मराठी शिकायला बसतात. उन्हाळ्यात हाच वर्ग साडेपाचाला असतो. नोव्हेंबरात त्यांची घड्याळं तासभर मागे गेली, की तेवढी झोप मला बोनस.

बसतात म्हणजे काय, नऊ काळे चौकोन असतात. प्रत्येकात एक नाव. त्या शनिवारी मी विभक्ती शिकवत होते. रंगीत स्लाइड्स केल्या होत्या, आंब्याला, आंब्याने, आंब्यात. दहा मिनिटांनी एक चौकोन बोलला, "बाई, तुम्ही म्यूट आहात." परत पहिल्यापासून सुरू केलं, तर लाइट गेली. मग मोबाइल घेऊन मागच्या पडवीत, कारण रेंज तिथेच मिळते, तीही टाकीच्या बाजूला उभं राहिलं तर.

दुपारी भाचीला घेऊन कुडाळजवळच्या पिंगुळीला गेले. इथल्या ठाकर समाजाने चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट गाऊन सांगायची कला जपली, सावंतवाडीच्या भोसल्यांनी तिला आश्रय दिला. इथले चित्रकथी कलावंत परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा आम्हा कुडाळकरांची कॉलर उगाचच ताठ झाली होती. कथेकऱ्याने एक चित्र समोर टेकवलं, वीणा छेडली, गायला लागला. प्रसंग संपला की ते चित्र मागे, पुढचं पुढे. भाची कानात म्हणाली, "मावशी, हे तर तुझं स्क्रीन शेअर." मी हसले खरी, पण मनात खट्टू झाले. त्याच्या स्लाइड्सना रेंज लागत नव्हती, हा मुद्दा वेगळाच.

रात्री जत्रा. कार्तिक लागला की आमच्याकडे रोज कुठल्या ना कुठल्या देवळात दशावतार असतोच. मांडावर एक बाकडं. तेच सिंहासन, तोच डोंगर. बाजूला पायपेटी, मृदंग, झांज. दशावताराला लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं, कोणी कोण व्हायचं ते ठरतं, संवाद तिथल्या तिथे. सुरुवातीला गणपती आला, मोरावरची सरस्वती आली आणि मग काळ्या कपड्यातला, लाल जीभ लोंबणारा संकासुर. वेद पळवायचे सोडून तो पुढच्या रांगेत पेंगणाऱ्या एका पोराजवळ आला आणि म्हणाला, "ह्यो बघा, ह्येका माज्यापेक्षा जास्त झोप इली!" सगळी रांग हसली. पोरगा दचकून जागा झाला, आणि मग नाटक संपेपर्यंत झोपला नाही.

मीही झोपले नाही. घरी पोचले तेव्हा फटफटलं होतं. तोंडावर पाणी मारलं आणि लॅपटॉप उघडला. रविवारचा वर्ग! विभक्तीच्या स्लाइड्स तशाच पडल्या होत्या. मी त्या उघडल्याच नाहीत. रात्रभर बघितलेला संकासुर सांगायला लागले, आणि मधेच एका चौकोनाचं नाव घेऊन म्हटलं, "संकासुराने वेद चोरले ते तुमच्या फ्रिजमागे लपवलेत, जरा बघून ये." थोडा वेळ काहीच नाही. मग त्या चौकोनात उजेड पडला, एक स्वयंपाकघर दिसलं, फ्रिज दिसला, आणि फ्रिजच्या बाजूने एक आजी मालवणी बोलत कॅमेऱ्यात शिरल्या. चष्मा पुसत, स्क्रीनच्या अगदी जवळ येऊन.

"खंयची गो जत्रा? आणि खाजा हाडलंस की नाय?"