आईच्या नावातली 'बाई' आणि बातूरचं तळं

कवठेमहांकाळहून आईला बालीतलं बातूर तळं दाखवून आणलं, त्याला महिना झाला. तळं अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. पण पासपोर्टसाठी घातलेले ते अडीच महिने आठवले की आजही डोकं तापतं. म्हणून आधी तेच लिहितो, कुणाचे तरी हेलपाटे वाचतील.

ऑनलाइन अर्ज भरला, पैसे भरले (साठीपुढच्यांना १,५०० रुपयांत १० टक्के सवलत आहे), पासपोर्ट केंद्रातली तारीख मिळाली. त्या दिवशी आई इरकल नेसून सकाळी सातलाच तयार होती. खिडकीवरच्या साहेबांनी आधार बघितलं. जन्मतारखेच्या जागी नुसतं वर्ष, १९५९. जुन्या आधारवर पुष्कळांचं असंच आहे आणि जन्माचा पुरावा म्हणून नुसतं वर्ष चालत नाही. मी पॅनकार्ड पुढं केलं. त्यावर १ जून १९५९. शाळेत घालताना मास्तरांनी लिहिलेली, आमच्या गावातल्या निम्म्या म्हाताऱ्या माणसांची असते तीच तारीख. ती चालली. पण आधारवर नाव 'शालन' आणि पॅनवर 'शालनबाई'. पॅन काढून देणाऱ्या पोरानं मान म्हणून 'बाई' जोडली होती.

"कागदावर ही दोन माणसं झाली," साहेब म्हणाले. आई समोर उभी होती, फोटो दोन्हीकडं तिचाच. तिच्याकडं एकदा मान वर करून बघायला काय हरकत होती? नियम मला मान्य आहे, पण ते न बघणं मला अजून खुपतं.

पॅनची दुरुस्ती करायला एका केंद्रावर गेलो. आई चौथी शिकलेली. सही करते ती एकेक अक्षर गिरवून, श्वास रोखून. आडनावातली वेलांटी चौकटीच्या रेघेवर चढली. तीन आठवड्यांनी अर्ज परत आला, सही चौकटीबाहेर गेली म्हणून! केंद्रवाल्याला विचारलं, "सही तुमच्या डोळ्यांदेखत झाली, तेव्हाच का नाही सांगितलं?" तर म्हणे, "वरनं परत येतं, आमच्या हातात काय नाही."

त्या दिवसांत विमानाची तारीख निघून गेली. तिकिटं मी आधीच काढून बसलो होतो आणि त्यातला रुपया परत मिळाला नाही. पासपोर्ट हातात पडल्याशिवाय तिकीट काढू नका. आणि अर्ज भरण्याआधी आधार, पॅन, बँकेचं पासबुक शेजारी शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून बघा. बाई, ताई, राव, सगळं.

आईनं मात्र कुरकुर केली नाही. जुन्या दिनदर्शिकेच्या पाठीमागं मी तेवढ्याच मापाच्या चौकटी आखून दिल्या. रोज दिवेलागणीनंतर ती त्यात सह्या करायची. चौथ्या दिवशी वेलांटी आत बसली. तो कागद मी जपून ठेवलाय.

दुरुस्त झालेलं पॅन आल्यावर पासपोर्ट केंद्रात दुसऱ्या खेपेला काम पाऊण तासात झालं. नवे पैसे पडले नाहीत, कारण एकदा भरलेल्या शुल्कावर वर्षभरात तीनदा वेळ घेता येते. पोलीस पडताळणीही सरळ झाली. कमी शिकलेल्यांना ईसीआरची, म्हणजे काही देशांत नोकरीला जाताना सरकारी परवानगी लागेल अशा पासपोर्टवरच्या नोंदीची, धास्ती असते. वयाची ५० वर्षं उलटलेल्यांना ती भानगड नाही.

बालीत उतरल्यावर व्हिसाचे ५ लाख रुपिया भरले. पर्यटन कराचे दीड लाख रुपिया ऑनलाइन आधीच भरले होते. आकडा ऐकून दचकू नका, ते त्यांचं चलन आहे.

पेनेलोकानच्या कड्यावरून खाली बघितलं की सगळा ज्वालामुखी एका नजरेत येतो. खचून झालेली भलीमोठी कढई, मधोमध १,७१७ मीटरचा बातूर डोंगर आणि त्याच्या कुशीत तळं. वर गारठा असतो, स्वेटर हवाच. डोंगराच्या उतारावर लाव्हाचे काळे पट्टे अजून उघडे आहेत. पायथ्याला आईनं एक दगड उचलला. रंग आपल्याकडच्या दंडोबाच्या डोंगरातल्या दगडासारखा, पण सगळा भोकाभोकांचा आणि वजनाला भाकरीएवढा. "ह्यो शिजलेला दगूड हाय रं," म्हणाली आणि होता तिथंच ठेवला.

१९२६ च्या उद्रेकात इथलं गाव आणि तळ्याच्या देवीचं देऊळ लाव्हाखाली गेलं. मग दोन्ही वर कड्यावर वसवली. देवळात कमरेला पट्टा बांधावा लागतो, साडी असली तरी. तिथं वाटाड्यानं सांगितलं, तळ्यातून ओढा बाहेर पडत नाही. पाणी खडकातून झिरपून खाली झऱ्यांना फुटतं. त्या पाण्यावर भातशेती करणाऱ्यांचे गट आहेत, त्यांना सुबक म्हणतात. कुणी कधी लावणी करायची, पाणी कधी घ्यायचं, हे ते देवळाच्या साक्षीनं मिळून ठरवतात. २०१२ साली युनेस्कोनं ही व्यवस्था जागतिक वारशात घेतली.

म्हैसाळ योजनेचं पाणी आमच्याकडं यायच्या आधी आईनं डोक्यावरून पाणी वाहिलंय. ती बराच वेळ तळ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "आन शेवटच्या वावराला पानी पोचतंय का, त्ये इचार की त्याला." मी विचारलं. वाटाडा म्हणाला, वरचे आणि खालचे एकाच बैठकीत बसतात. आईनं देवीला पुन्हा हात जोडले.

उतरताना तेगलालांगची पायऱ्यापायऱ्यांची भातशेती बघा. गर्दी टाळायची तर सकाळी लवकर जा.

आता मावशीलाही जायचंय. तिच्या पॅनवर 'ताई' आहे. दुरुस्तीचा अर्ज कालच पाठवला. त्याआधी मावशीला सही शिकवायला आई दोन दिवस आटपाडीला जाऊन राहिली.