वारा कुठनं जाणार?

राजारामपुरीतल्या दुकानात मी विचारलं, "दहा-अकरा लिटरचं कॅबिनेट आहे का?" दुकानदारानं आधी माझ्याकडं बघितलं, मग माझ्या हातात किटली आहे का ते बघितलं.

"दादा, कॉम्प्युटरचंच म्हणताय न्हवं?"

त्याला हसण्यात अर्थ नव्हता. आठवड्यापूर्वी मलाही ठाऊक नव्हतं की ही वस्तू लिटरमध्ये मोजतात. दूध लिटरमध्ये, पेट्रोल लिटरमध्ये, फार तर कुकर लिटरमध्ये. ज्यात थेंबभर काही ओतायचं नाही, उलट ओतलं तर तीस-चाळीस हजारांना चुना लागेल, त्या खोक्याला लिटर कशाला? पोरीनं समजावलं होतं. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घ्यायची, गुणायची, हजारानं भागायचं. झाले लिटर. आमच्या घरातला मोठा कुकर साडेसात लिटरचा. म्हणजे दीड कुकराच्या आत अख्खा गेमिंग पीसी बसवायचा होता.

दुकानदारानं समोर ठेवलं ते पंचेचाळीस-पन्नास लिटरचं. पुढं काच, बाजूला काच, आत चार रंगीत पंखे; बटण दाबलं की गणपतीची आरास. "एवढं बारकं कशाला घेताय? त्येच्या निम्म्या पैशात हे येतंय, दिसाय पण भारी." यात खोटं काहीच नव्हतं. आमच्या गावात वस्तू घ्यायची तर चार लोकांना दिसली पाहिजे. बुलेट असो, मिशी असो नाहीतर वाढदिवसाचा डिजिटल बोर्ड. जास्त पैसे मोजून बारकी वस्तू घेणं हे कोल्हापुरात फक्त सोनारांच्या गुजरीत चालतं.

पण पोरगी हटून बसली होती. तिला पुण्याला ॲडमिशन मिळाली होती आणि हॉस्टेलच्या टेबलावर एक मांजर बसेल एवढी जागा. लॅपटॉप घे म्हटलं तर म्हणाली, त्याच पैशात गेमिंग लॅपटॉपमधलं ग्राफिक कार्ड (खेळाचं चित्र काढणारं) हळू चालतं, तापतं, आणि चार वर्षांनी बदलता येत नाही. "मी बघितलोय सगळं, पप्पा." (मी केलो, मी गेलो, मी बघितलोय. आमच्याकडं पोरीही अशाच बोलतात. पुण्यात हे किती दिवस टिकतंय बघू.)

बायकोचा पाठिंबा मात्र वेगळ्या कारणानं मिळाला. २०१९ च्या ऑगस्टात आमच्या गल्लीत पाणी आलं तेव्हा आम्ही सिलिंडर वर नेला, तांदूळ नेले, आजीचा फोटो नेला. टेबलाखाली चाकांच्या स्टँडवर उभा असलेला जुना 'सीपीयू' कुणाला आठवलाच नाही. पाणी ओसरल्यावर बाजूचा पत्रा काढला तर आतनं पंचगंगेचा गाळ. तेव्हापासून घरात येणाऱ्या प्रत्येक वस्तूला तिचा एकच प्रश्न असतो: राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट झालं की ही एकट्याला उचलून माळ्यावर नेता येईल का? ३९ ही इशारा पातळी, ४३ धोक्याची. मधल्या चार फुटांत काय काय वर जायला पाहिजे याची यादी तिच्या डोक्यात तयार असते. सात-आठ किलोचं, काखेत मावणारं खोकं म्हटल्यावर ती लगेच म्हणाली, "घ्या."

मी मग रात्री-रात्री वाचत बसलो. आपण इतकी वर्षं केवढी रिकामी जागा टेबलाखाली पोसली, हे तेव्हा कळलं. मोठ्या कॅबिनेटातला मदरबोर्ड (ज्यावर बाकीचे भाग बसतात तो) एटीएक्स मापाचा, ३०५ बाय २४४ मिलिमीटर. हे माप इंटेलनं १९९५ मध्ये आणलं. तेव्हा आवाजाचं कार्ड वेगळं, मोडेमचं वेगळं, नेटवर्कचं वेगळं, म्हणून सात-सात खाचा. आज ते सगळं बोर्डावरच असतं आणि त्या सात खाचांत एकटं ग्राफिक कार्ड राहतं. बाकीचा वाडा मोकळा. मिनी-आयटीएक्स हे माप व्हिया कंपनीनं २००१ मध्ये काढलं: १७० बाय १७०, खाच एकच. आईच्या भाकरीखाली तो बोर्ड झाकला जाईल. गंमत म्हणजे तो काढला होता कमी विजेवर चालणाऱ्या गरीब, शांत यंत्रांसाठी. खेळवेड्यांनी तो उचलला आणि त्याला शेजारी दिला तो पैलवान. आरटीएक्स ४०९० चं एनव्हीडियाचं स्वतःचं कार्ड ३०४ मिलिमीटर लांब आणि तीन खाचा जाड आहे. घर १७० चं आणि पाहुणा ३०४ चा.

म्हणून बारकं कॅबिनेट पारखायचं म्हणजे बोर्डाचं नाही, कार्डाचं बघायचं. लांबी तर सगळेच विचारतात. जाडीत लोक फसतात. दोन खाचा म्हणजे चाळीस मिलिमीटर असं आपण धरतो, कार्डावरही 'टू स्लॉट' लिहिलेलं असतं, आणि प्रत्यक्षात त्याचा पंखा आणखी अर्धी खाच पुढं आलेला असतो. बाजूच्या पत्र्याला पंखा चिकटला की त्याला श्वास कुठला? शिवाय विजेची वायर कार्डाच्या ज्या कडेला लागते तिथं तिला वळायलाही जागा लागते, ती कुठल्याच मापात धरलेली नसते.

लिटरचंही तसंच. एक कंपनी पायांसकट मोजते, दुसरी पाय सोडून. कूलर मास्टरचं एनआर२०० सव्वाअठरा लिटरचं. त्यात हात घालून काम करता येतं, म्हणून नवख्यानं तिथून सुरू करावं असं माझं मत. फ्रॅक्टलचं टेरा १०.४ लिटरचं, पुढं अक्रोडाच्या लाकडाची पट्टी. डॅन ए४-एसएफएक्स ७.२ लिटरचं, म्हणजे आमच्या कुकरापेक्षाही कमी. ही शेवटची दोन्ही 'सँडविच' घाटाची: मध्ये पत्र्याची भिंत, एका अंगाला बोर्ड, दुसऱ्या अंगाला कार्ड, पाठीला पाठ लावून, दोघांना जोडणारी एक चपटी केबल, तिला रायझर म्हणतात. ती जुन्या पिढीची असेल आणि कार्ड नव्या पिढीचं, तर बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन वेग हातानं उतरवेपर्यंत पडदा काळा राहू शकतो. सासू-सूनेला पाठीला पाठ लावून बसवलं तरी निरोप पोचवणारा माणूस धड लागतो.

एसएमपीएस, म्हणजे सगळ्यांना वीज पुरवणारा डबा, तोसुद्धा बारका घ्यावा लागतो. नेहमीचा साधारण १.८ लिटर जागा खातो, एसएफएक्स मापाचा ०.८ लिटर. वाचला एक लिटर आणि वाढले काही हजार रुपये. एवढं महाग दूध गंगावेशीच्या कट्ट्यावरही मिळत नाही.

या सगळ्या आकडेमोडीत एके संध्याकाळी अण्णा येऊन शेजारी बसले. अण्णा म्हणजे माझे वडील. शिवाजी उद्यमनगरात त्यांनी अडतीस वर्षं पॅटर्न केले. फौंड्रीत बीड (ओतीव लोखंड) ओतायचं तर आधी त्या भागाचा सागवानी नमुना लागतो. तो वाळूत दाबायचा, अलगद उचलायचा, मागं उरलेल्या पोकळीत रस ओतायचा. अण्णांनी जन्मभर लाकूड तासलं, पण गिऱ्हाइकाला हवी असायची ती पोकळी. त्यामुळं मोबाइलवरचे कॅबिनेटचे फोटो त्यांनी रंग-बिंग न बघता थेट आतनं बघितले.

"वारा कुठनं आत येतोय?"

मी दाखवलं.

"आन् कुठनं जाणार?"

ते मला दाखवता आलं नाही. पुढून काच, वरून काच, खाली बोटभर फट. "भाईरनं ग्वाड दिसतंय," अण्णा म्हणाले, "पण ह्येचा ब्लो होल हुणार." मोल्डर वाळूत तारेनं बारीक भोकं पाडून ठेवतो, रस ओतल्यावर निघणारा वायू तिथून सुटला नाही तर तो धातूतच अडकतो आणि कास्टिंग भंगारात जातं. अण्णांच्या लेखी जगातल्या निम्म्या वस्तू याच एका कारणानं नापास होतात. आमच्या नव्या बाथरूमसकट.

मी त्यांना उष्णतेचा हिशेब सांगितला. रायझन ५ ७६०० हा प्रोसेसर कागदावर ६५ वॉटचा, कार्ड दोनशेचं, इकडचं-तिकडचं धरून खेळ ऐन रंगात असताना तीनशेच्या आसपास. "म्हंजे शंभरचे तीन बल्ब," ते म्हणाले, "दहा लिटरच्या डब्यात. अंडी उबवायला एक पुरतोय की." मी म्हटलं, प्रोसेसर ९५ अंशांपर्यंत सोसतो, मग आपणहून वेग कमी करतो. "बैलबी करतोय," अण्णा म्हणाले, "म्हणून का त्येला उन्हात बांधायचा?"

त्यांनी तीन कॅबिनेटं नापास केली. चौथं पास झालं: दोन्ही बाजूंना बारीक भोकांचा पत्रा, वर जाळी आणि तिथं दोन पंख्यांची जागा, खाली दीड बोट उंचीचे पाय. कार्डाचे पंखे थेट बाजूच्या भोकांतून थंड वारा ओढणार, गरम वारा वरनं जाणार. काच नाही, दिवे नाहीत. पोरगी दोन दिवस दिव्यांसाठी हळहळली. मला आपला तो भोकांचा पत्राच देखणा वाटला, पण माझं मत घरात कोण विचारतंय.

कार्ड आधीच आलं होतं, मावसभावाच्या मुलाकडून, वापरलेलं आणि बिनखोक्याचं. कॅबिनेटात ३२२ मिलिमीटरपर्यंतचं कार्ड चालतं असं लिहिलेलं. खिळ्याला अडकवलेली अण्णांची स्टीलची पट्टी मी घेतली, कार्ड मोजलं, ३२० भरलं, आणि कॅबिनेट मागवलं.

ते आल्यावर कार्ड बसेना. तिरकं घातलं, सरळ घातलं, श्वास रोखून घातलं. एक मिलिमीटर नडत होता. नवी चप्पल चावते, पण चार दिवस घातली, तेल लावलं की ऐकते. पत्र्याला तेवढी माया नसते. पोरीनं तिची शाळेतली पट्टी आणून कार्ड पुन्हा मोजलं. ३२३.

"आजोबा, तुमची पट्टी खोटी आहे."

अण्णांना ते वर्मी लागलं. पट्टी हातात घेऊन त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की चाळीशीतल्या माणसाला आठवीत गेल्यासारखं वाटलं. "ही पॅटर्नची पट्टी हाय. बीड गार हुताना आवळतंय, शंभराला एक. म्हणून पट्टीच तेवढी मोठी आखलेली असती, हिशेब करत बसाय नको." तीनशे वीस लिहिलंय तिथं खरे तीनशे तेवीस असतात. मी वितळलेल्या लोखंडाच्या मापानं गार कार्ड मोजलं होतं. लहानपणापासून ती पट्टी तिथं लटकते आहे, तिच्यावर मी भूमितीच्या वहीतल्या रेघा मारल्या आहेत. दहावीच्या भूमितीच्या मार्कांचं कोडं मला त्या दिवशी थोडं उलगडलं. थोडंच.

माझ्यावर राग होताच, पण कंपनीवर जास्त. "तीनशे बावीस म्हंजे तीनशे बावीस? अलाउन्स किती ठेवलाय?" अलाउन्स नसतो, अण्णा. "मग तो काय ड्रॉइंग काढणारा?" असं पुटपुटत त्यांनी पॉलिश पेपर आणला. पोरीनं कार्डाच्या वरचं प्लास्टिकचं कवच स्क्रू काढून वेगळं केलं. पंख्यात आणि चिपवर भुगा जायला नको, हे तिलाच सुचलं. कवचाच्या मागच्या कडेला दीड-दोन मिलिमीटरची नुसती शोभेची धार होती. अण्णांनी आधी ८० नंबरनं उतरवली, मग १२० नं, कडेला बोट फिरवत, मध्येच डोळ्यांजवळ धरून. अर्धा तास घरात कुणी बोललं नाही. कार्ड बसलं तेव्हा 'टक्' असा जो आवाज आला, त्यावर अण्णांनी फक्त मान हलवली. कडेवर गोलाई एवढी सुरेख आली होती की दुसऱ्या टोकाची कंपनीची कडच ओबडधोबड वाटायला लागली.

मग वायरी. बारक्या कॅबिनेटाची खरी परीक्षा तिथं असते आणि ती कुठल्या फोटोत दिसत नाही. सँडविचमध्ये वायर लपवायला पाठीमागची पोकळीच नसते. जी जास्तीची आहे ती एसएमपीएस आणि पत्रा यांच्यामध्ये दुमडून कोंबायची. वरचे पंखे पोरीनं शेवटी लावले, रात्री अकराला, झोपेला आलेली असताना. पहिल्याच फटक्यात पडद्यावर चित्र आलं. खेळ चालू केला, वीस मिनिटांत कार्ड ८६ अंशांवर. कार्डाचा व्होल्टेज जरा उतरवला तर ८१. पोरगी म्हणाली, ठीक आहे. अण्णा म्हणाले, "न्हाई. वारा अडाकतोय कुठंतरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोनं टेबलावर पाट मांडला, कॅबिनेटाला हळद-कुंकू वाहिलं, शेजारी नारळ ठेवला. यंत्र घरात आलं की आमच्याकडं हे होतंच. अण्णांचा रंधासुद्धा दर खंडेनवमीला असाच बसायचा. मी उदबत्ती लावली. अण्णांनी ती माझ्या हातातून घेतली आणि म्हणाले, "यंत्र चालू कर."

बाजूच्या भोकांपाशी त्यांनी उदबत्ती धरली. धूर झर्रकन आत ओढला गेला. बायकोनं हात जोडले. मग अण्णांनी ती वरच्या जाळीवर धरली, मागच्या पंख्यावर. धूर फर्रकन उडाला. पुढच्या पंख्यावर नेली. धूर क्षणभर घुटमळला, वळला, आणि खाली कॅबिनेटात शिरला.

पोरगी वाकली, जाळीतून आत बघितलं आणि जीभ चावली. पंख्याच्या ज्या अंगाला काड्या असतात तिकडून वारा बाहेर पडतो, हे तिनंच मला शिकवलं होतं. त्या पंख्याच्या काड्या खाली होत्या.

"मी उलटा लावलो, आजोबा."

"उघड परत."

"आधी नारळ तरी फोडा," बायको म्हणाली.

"नारळ मग," म्हणत अण्णांनी उदबत्ती पाटाच्या भेगेत खोचली आणि खिशातून चष्मा काढला.