डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं पाणी

पित्ताशय काढलं, टाके सुकले, सोनोग्राफीत सगळं ठीक आलं. पोट मात्र काही केल्या ताळ्यावर येईना. जेवलं की फुगायचं, रात्री आंबट ढेकर, सकाळी पोट साफ होण्याची खात्री नाही. दोन वर्षं हेच चाललं होतं. माझ्या पोटविकारतज्ज्ञांनी सगळ्या तपासण्या करून सांगितलं, की घाबरण्यासारखं काही नाही, वेळेवर जेवा आणि चाला. चेक प्रजासत्ताकातल्या कार्लोव्ही व्हारी या गावाबद्दल मी त्याच सुमारास वाचत होते. तिथे जमिनीतून येणारं गरम खनिज पाणी प्यायला देतात, आणि पचनाच्या तक्रारींवरच्या उपचारांसाठी ते गाव शतकानुशतकं ओळखलं जातं. जाऊ का, असं विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, "जरूर जा. पण तिथल्या डॉक्टरांना हे कागद दाखवल्याशिवाय त्या पाण्याचा घोटही घेऊ नका."

त्यांचं मी ऐकलं नाही. ते कसं घडलं आणि पुढे काय झालं, हे सविस्तर लिहिते आहे, कारण हल्ली आरोग्यासाठी परदेशी जाणारे पुष्कळ भेटतात आणि त्यातले बरेचजण मी केली तीच चूक करायच्या बेतात असतात.

आरोग्य पर्यटनाचा पसारा आता फार मोठा आहे. ग्लोबल वेलनेस इन्स्टिट्यूटच्या अंदाजानुसार २०१७ साली जगभरात या प्रवासावर ६३९ अब्ज डॉलर खर्च झाले. ही संस्था अशा प्रवाशांचे दोन गट करते. प्रकृतीसाठीच घराबाहेर पडलेले एका गटात, आणि फिरायला किंवा कामाला गेल्यावर जोडीला मसाज, सॉना, योगवर्ग करून घेणारे दुसऱ्या गटात. दुसरा गट कितीतरी मोठा आहे. मी पहिल्यातली होते, आणि ज्या एजन्सीकडून मी आरक्षण केलं तिने मला दुसऱ्यातली धरलं. सगळा घोळ इथे झाला. पॅकेजच्या नावात 'उपचार' हा शब्द होता, तेवढ्यावर मी विश्वास ठेवला. 'डॉक्टरांची प्रवेश-तपासणी समाविष्ट आहे का?' हा एकच प्रश्न लेखी विचारला असता, तर पुढचे तीन दिवस वाचले असते.

व्हिसाचं काम त्या मानाने सरळ झालं. शेंगेन व्हिसाला, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालतो त्या व्हिसाला, किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. विम्याच्या अटी मी बारकाईने वाचल्या, ते बरं केलं. अचानक आजारपण आलं, अपघात झाला, तर हा विमा कामाचा. ठरवून घेतलेल्या उपचारांचा खर्च त्यात धरत नाहीत. म्हणजे तिथला सगळा उपचार आपल्या खिशातून. आणखी एक, चेक प्रजासत्ताक शेंगेनमध्ये असलं तरी चलन युरो नाही, कोरुना आहे. जुने रिपोर्ट, शस्त्रक्रियेचा सारांश आणि चालू औषधांची यादी मी इंग्रजीत करून घेतली होती. त्या फाइलीने पुढे माझी लाज राखली.

प्राग विमानतळावरून बसने सव्वादोन-अडीच तासांत गाव आलं. तेप्ला नावाची छोटी नदी, तिच्या दोन्ही काठांनी रांगेने उभ्या जुन्या रंगीत इमारती, मागे लगेच जंगलाचे डोंगर. चेक भाषेत 'तेप्ला' म्हणजे उबदार. काठाकाठाने स्तंभांचे लांब मंडप आहेत, त्यांना कोलोनाडा म्हणतात, आणि त्यांच्या आत झरे. पाणी फुकट. कुणीही यावं, नळाखाली कप धरावा.

पहिल्या सकाळी हॉटेलच्या वेलनेस विभागातल्या मुलीने माझ्या हातात वेळापत्रक ठेवलं: सुगंधी मसाज, मिठाची खोली, पोहण्याचा तलाव. "डॉक्टर कधी भेटतील?" मी विचारलं. तिला प्रश्नच कळला नाही. मग व्यवस्थापक आले आणि त्यांनी फार सौजन्याने सांगितलं, की त्यांच्याकडे डॉक्टर नाहीत, झऱ्याचं पाणी मात्र मी हवं तेवढं पिऊ शकते.

मी प्याले. म्लीन्स्का कोलोनाडात पाच झरे आहेत. त्या दिवशी पाचही झऱ्यांचं पाणी प्याले, दुपारी पुन्हा, आणि संध्याकाळी हादी म्हणजे सर्पझऱ्याचं, जेमतेम ३० अंशांचं म्हणून सोपं जातं ते पाणी, दोन मोठे कप. इतक्या लांबून आले आहे, तर जास्तीत जास्त लाभ घ्यावा, हा विचार. रात्रभर जुलाब झाले. दुसरा दिवस खोलीत, मीठ-साखरेच्या पाण्यावर गेला. परक्या देशात, भाषा येत नसताना, एकटीने अंथरुणात पडून राहताना फार असहाय वाटतं. डॉक्टरांचे शब्द आठवून रडू आलं.

तिसऱ्या दिवशी फाइल घेऊन मी नदीपलीकडच्या एका उपचारगृहात गेले. चेकमध्ये अशा ठिकाणांना 'लाझ्न्ये' म्हणतात. तिथे मुक्काम न करताही तपासणी आणि उपचार घेता येतात, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. आत गेल्यावर वास आणि वावर दवाखान्याचा होता, आणि मला हायसं वाटलं.

डॉक्टर साठीच्या बाई होत्या. त्यांनी पाऊण तास घेतला. रक्तदाब, वजन, पोट दाबून पाहणं, ईसीजी, शस्त्रक्रियेचा कागद दोनदा वाचणं. मूत्रपिंडाचा त्रास, हृदयाचा त्रास, पायावर सूज, कर्करोगाचे उपचार, एकेक विचारत गेल्या. या पाण्यात सोडियम भरपूर असतं, त्यामुळे रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांना ते जपून द्यावं लागतं आणि काहींना देतच नाहीत. माझा पहिल्या दिवसाचा पराक्रम ऐकून त्या रागावल्या नाहीत. कागद ओढून त्यांनी समजावलं. इथले सगळे झरे मुळात खोल जमिनीतल्या एकाच गरम पाण्याचे. खनिजांमध्ये फार फरक नाही. फरक आहे तो तापमानात आणि विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये. वर यायला ज्याला जास्त वेळ लागतो ते पाणी निवतं आणि त्यात वायू जास्त उरतो. थंड पाणी आतड्याला चाळवतं, गरम पाणी शांत करतं. "तुम्ही एका दिवसात दोन्ही केलं," त्या म्हणाल्या, आणि चिठ्ठी लिहिली: फक्त म्लीन्स्की झरा, सुरुवातीला दर वेळी अर्धा कप, दिवसातून तीनदा, जेवणाआधी अर्धा तास. सर्पझरा खोडला. व्र्झीद्लोही खोडला.

व्र्झीद्लो म्हणजे गावातला मुख्य उष्ण झरा. सुमारे ७३ अंशांचं पाणी १२ मीटरपर्यंत उसळतं. त्याच्या मंडपात तेच पाणी वेगवेगळ्या तापमानांना निववून पिण्यासाठी ठेवलेलं असतं. मी रोज तिथे नुसती बघत उभी राहायचे. त्या पाण्यात कागदाची फुलं काही दिवस ठेवली की त्यांच्यावर तांबूस दगडी थर चढतो, आणि तशी फुलं दुकानांत विकायला असतात. नळांना, हौदांना चढलेला तोच थर पाहिला, की हे पाणी साधं नाही हे वेगळं सांगावं लागत नाही.

आता पाणी पिण्याची रीत. कप चिनी मातीचा, चपटा, आणि त्याचा कानच पोकळ नळी असतो. त्या नळीतून चोखत प्यायचं. याला कारण आहे. झऱ्याचं पाणी पन्नास-साठ अंशांचं, थेट ओठाला लावलं तर पोळतं; शिवाय खनिजांनी दातांवर डाग पडतात, म्हणून ते दातांमागे गेलेलं बरं. चव कोमट, खारट आणि लोखंडी. पहिल्या दिवशी मी ते नाक दाबून औषधासारखं एका दमात संपवलं होतं. चिठ्ठी मिळाल्यानंतरच्या सकाळी एका वृद्ध जर्मन बाईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला आणि हातवारे करून दाखवलं: एक घोट, दहा पावलं, मग पुढचा घोट. अठराव्या शतकातले इथले डॉक्टर डेव्हिड बेखर यांचा आग्रह नेमका हाच होता. त्यांच्या आधी इथे लोक तासन् तास गरम पाण्यात बसून राहत. झऱ्यापाशी जाऊन ताजं पाणी प्या आणि चाला, हे बेखर यांनी उपचारात पक्कं केलं. म्लीन्स्का कोलोनाडासारखे लांबच लांब मंडप पावसातही चालता यावं म्हणून आहेत, हे मला तेव्हा उमगलं. १८८१ साली पुरा झालेला तो मंडप वास्तुविशारद योसेफ झीतेक यांचा, १२४ स्तंभांचा. मी ते स्तंभ घोटांच्या हिशेबाने मोजले आहेत. अर्धा कप संपायला एक पूर्ण फेरी लागते.

उपचार दिवसाला तीनच. मी जास्त मागितले, पैसे भरायची तयारी दाखवली. डॉक्टरांनी नाही म्हटलं. मला सगळ्यात मानवलं ते कार्बन डायऑक्साइडच्या पाण्याचं स्नान. पाणी अंगापेक्षा थंड, टबात पाय घालताना काटा येतो. पण दोनच मिनिटांत सगळ्या अंगावर बारीक बुडबुडे मोत्यांसारखे चिकटतात, कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि अंग आतून ऊब धरतं. वीस मिनिटं झाली की मदतनीस बाई चादरीत गुंडाळून बाकावर निजवायच्या. उठायचं नाही, बोलायचं नाही, फोन नाही. स्नानाइतकंच ते निजणं उपचाराचा भाग आहे, असं त्या खुणेने बजावायच्या. पोटावर गरम पीट मातीचा, म्हणजे दलदलीतल्या काळ्या मातीचा, लेप एक दिवसाआड होता. बाकी सांगण्यासारखं नाही.

सहाव्या-सातव्या दिवशी मी खचले. डोकं जड, सांधे दुखायला लागले, पोट पुन्हा फुगलं, झोप उडाली. आपल्याला हे सोसत नाही, परत जावं, असं ठरवूनच डॉक्टरांकडे गेले. त्यांनी रक्तदाब पाहिला, एक दिवस लेप बंद केला, पाणी कमी केलं आणि सांगितलं, की पहिल्या आठवड्याच्या शेवटी पुष्कळांना असं होतं. शरीर उपचाराला उत्तर देत असतं. पूर्वापार इथला उपचार तीन आठवड्यांचा का, तेही त्यांनी त्याच दिवशी सांगितलं. पहिल्या आठवड्यात शरीर जुळवून घेतं, खरं काम त्यानंतर सुरू होतं. चार-पाच दिवसांचं पॅकेज घेऊन येणारे नेमके या टप्प्यावर परत जातात. विश्रांतीसाठी ते ठीक. उपचार म्हणून तेवढे दिवस पुरत नाहीत, हे मी आता छातीठोकपणे सांगेन. तिथे डॉक्टर नसते, तर मीही त्याच दिवशी बॅग भरली असती.

दहाव्या दिवसानंतर बदल जाणवला. सकाळी साडेसहाला आपोआप जाग येऊ लागली. पोट साफ होऊ लागलं. रात्रीचा ढेकर आधी कमी झाला, मग तीन रात्री आलाच नाही. पाण्याच्या तीन वेळांमुळे जेवणाच्या वेळा ठरल्या, जेवणाच्या वेळांमुळे झोपेची ठरली. रोज सात-आठ किलोमीटर चालणं होत होतं आणि ते कष्टाचं वाटत नव्हतं. दुपारी डोंगरावरच्या पायवाटांनी जायचे. त्या वाटाही रुग्णांनी चालावं म्हणूनच आखलेल्या. या गावाला २०२१ साली युनेस्कोने युरोपातल्या आणखी दहा उपचारनगरांसोबत जागतिक वारशात घेतलं, तेव्हा इमारतींबरोबर झरे, बागा आणि फिरण्याच्या वाटा हे सगळं मिळून मोजलं. तीन आठवडे त्या वाटा तुडवल्यावर मला ते अगदी योग्य वाटतं.

शेवटची तपासणी विसाव्या दिवशी झाली. वजन दोन किलोने उतरलं होतं. मी विचारलं, "यातलं पाण्याचं किती आणि चालण्याचं किती?" डॉक्टर म्हणाल्या, "ते मला वेगळं काढता येणार नाही. कुणी काढून दाखवलं, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका." त्या उत्तराने मला त्यांच्याबद्दल जेवढा आदर वाटला, तेवढा आधीच्या वीस दिवसांत वाटला नव्हता. उशिरा जेवले तर माझं पोट आजही फुगतं. पण रात्री उठून बसावं लागत नाही, आणि दोन वर्षांनी हे म्हणता येणं माझ्यासाठी खूप आहे.

त्यांनी दोन पानी अहवाल दिला, माझ्या डॉक्टरांना द्यायला. निघता निघता मी सहज म्हटलं, की बाटलीतलं म्लीन्स्की पाणी दुकानात पाहिलंय, दोन-चार बाटल्या सोबत नेते. त्यांनी अहवाल माझ्या हातातून परत घेतला आणि खाली एक ओळ वाढवली: पुढचे सहा महिने हे पाणी नको, त्यानंतरही आधी तपासणी. मग सही करून कागद पुन्हा माझ्यापुढे सरकवला.