उजव्या गुडघ्याला मूळपेशी, डाव्याला नुसता व्यायाम

31 वर्षे फळ्यापुढे उभे राहून भूगोल शिकवल्यानंतर, निवृत्तीच्या दुसऱ्याच वर्षी माझ्या उजव्या गुडघ्याने असहकार पुकारला. साताऱ्यात राहून अजिंक्यतारा चढता येत नाही, हे मी एक वेळ सोसले असते. पण हरतालिकेच्या पूजेनंतर पाटावरून उठताना दोन्ही भाच्यांना माझे हात धरावे लागले, तेव्हा उपचारांचे मनावर घेतले.

पहिल्यांदा गेले ते एका मोफत तपासणी शिबिरात. झोपवून काढलेला एक्स-रे पाहून तेथे मला सांगण्यात आले, की गॅप गेला आहे, पण वाटी बदलण्याची गरज नाही. स्टेम सेल, म्हणजे मूळपेशी टोचल्या, की कूर्चा (हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी) नव्याने उगवेल. पेशी कोठून घेणार, किती टोचणार आणि या उपचाराला औषध नियंत्रकांची मान्यता आहे का, असे तीन प्रश्न मी विचारले. तिन्हींना उत्तर एकच मिळाले: आज नोंदणी केली तर दुसऱ्या गुडघ्याला सवलत मिळेल. ‘मूळपेशी’ या शब्दाचाच दोष थोडा असावा, असे मला आता वाटते. मूळ म्हटले की त्यातून काहीतरी उगवणारच, असे आपण मनाशी धरून चालतो.

महिन्याभराने पुण्यातल्या एका अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी आधीचा एक्स-रे बाजूला ठेवला आणि उभे राहून नवा काढायला सांगितला, कारण शरीराचा भार पडल्याशिवाय दोन हाडांमधले खरे अंतर दिसत नाही. केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी 1957 मध्ये घालून दिलेल्या, सांध्याची झीज मोजणाऱ्या शून्य ते चार (चार म्हणजे सर्वाधिक झीज) या श्रेणींनुसार माझा उजवा गुडघा तिसऱ्या श्रेणीत निघाला, डावा दुसऱ्या. चौथी श्रेणी असती तर इंजेक्शनाचा विषयच काढला नसता, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले.

त्यानंतरचा अर्धा तास मला शिकवणीसारखा वाटला. ‘स्टेम सेल’ या एकाच पाटीखाली निरनिराळ्या गोष्टी विकल्या जातात, हे मला तेव्हा प्रथम कळले: स्वतःच्या कमरेच्या हाडातून काढून घट्ट केलेली अस्थिमज्जा, पोटाच्या चरबीतून वेगळ्या केलेल्या पेशी आणि दात्यांच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून तयार केलेले औषध. नुसत्या मज्जेत हव्या त्या पेशी लाखात जेमतेम एक ते दहा असतात. शिवाय टोचलेल्या पेशी सांध्यात ठाण मांडून कूर्चा विणत बसत नाहीत. त्या काही काळ दाह कमी करणारे रासायनिक संदेश सोडतात आणि नाहीशा होतात, असे आज मानले जाते. अमेरिकेत 475 रुग्णांवर झालेल्या आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मज्जा, चरबी आणि नाळ या तिन्हींपासूनच्या पेशी वर्षअखेरीस साध्या स्टेरॉइड इंजेक्शनपेक्षा सरस ठरल्या नाहीत, हेही डॉक्टरांनी आपणहून सांगितले. दुसरीकडे, बंगळुरूच्या स्टेम्प्युटिक्स कंपनीने दात्यांच्या अस्थिमज्जेपासून बनवलेल्या औषधाला आपल्याकडे 2022 मध्ये गुडघ्याच्या संधिवातासाठी मान्यता मिळाली असून त्याच्या भारतीय चाचणीत 146 रुग्ण होते, हीही माहिती त्यांनी दिली.

एवढे ऐकूनही मी ते इंजेक्शन घेतले. खरे सांगायचे तर मला सांधेबदलाची शस्त्रक्रिया काही वर्षे पुढे ढकलायची होती, आणि आशा ही युक्तिवादाने शमत नाही. खर्च माझ्या चार महिन्यांच्या निवृत्तिवेतनाहून अधिक झाला आणि विमा कंपनीने दावा नाकारला.

प्रत्यक्ष इंजेक्शन 2024 च्या जानेवारीत झाले. द्रवरूप नायट्रोजनाच्या टाकीतून आलेली कुपी परिचारिकेने कोमट पाण्यात धरून वितळवली. त्या चिमूटभर द्रवात अडीच कोटी पेशी होत्या आणि त्या कोणा अनोळखी निरोगी माणसांच्या मज्जेतून वाढवलेल्या होत्या, हा विचार सुईपेक्षा अधिक काळ माझ्या मनात राहिला. सोनोग्राफीत पाहून सुई सांध्यात घातली आणि पाठोपाठ वंगणासारखे हायलुरॉनिक आम्ल सोडले. सगळे मिळून वीस मिनिटेही लागली नाहीत. पुढचे तीन दिवस गुडघा सुजून भोपळ्यासारखा झाला होता. त्यावर बर्फ आणि पॅरासिटामॉल एवढेच घ्यायचे होते. सूज उतरवणाऱ्या नेहमीच्या गोळ्यांना डॉक्टरांनी मनाई केली होती.

खरी कसोटी त्यानंतर सुरू झाली. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबणे आणि पाय सरळ ठेवून उचलणे, हे व्यायाम फिजिओथेरपिस्ट बाईंनी दोन्ही पायांना सक्तीचे केले. एक किलो वजन उतरले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो, हा त्यांचा हिशेब मला गणितासारखा पटला. वर्षभरात मी 74 किलोंवरून 68 वर आले. त्यात चतुर्थीचे मोदकही मोजूनच खाल्ले, आणि तेच सर्वांत अवघड गेले.

दर तीन महिन्यांनी एक प्रश्नावली भरावी लागे. तिचा मूळ परदेशी साचा वाचून मला हसू आले, कारण त्यात न्हाणीच्या टबमधून बाहेर पडताना होणाऱ्या त्रासाची विचारणा होती आणि मांडी घालून बसण्याचा उल्लेखही नव्हता. पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेस या संस्थेने भारतीय राहणीनुसार तिच्यात बदल केले आहेत, हे समजल्यावर मी ती आवृत्ती मागून घेतली.

वर्ष पूर्ण झाल्यावर पुन्हा उभ्याने एक्स-रे काढला. हाडांमधले अंतर होते तेवढेच दिसले. वाढले नव्हते, घटलेही नव्हते. जिना मात्र आता मी कठड्याला न धरता चढते, उतरताना धरते. एप्रिल 2025 मध्ये वैद्यकीय चाचण्यांचे पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेचा गुडघ्यातील स्टेम सेल इंजेक्शनांविषयीचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात 8 चाचण्यांमधील 459 रुग्णांचा विचार करून, वेदना थोडी कमी होऊ शकते, पण पुरावा फारसा खात्रीचा नाही, असा निष्कर्ष काढला आहे. माझ्या मुलीने तो मला फोनवर वाचून दाखवला. दोघीही थोडा वेळ गप्प होतो.

शेवटच्या भेटीत डॉक्टरांनी विचारले, उजवा गुडघा पूर्वीपेक्षा किती टक्के बरा वाटतो. मी चाळीस म्हणाले. मग ज्याला सुई लागलीच नव्हती त्या डाव्याचे विचारले. मी थोडा विचार करून पस्तीस सांगितले. डावा मुळातच कमी झिजलेला होता, तेव्हा ही तुलना काटेकोर नव्हे, असे मीच पुढे म्हणाले. त्यावर त्यांनी अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचा 2017 मधला एक प्रयोग सांगितला: दोन्ही गुडघे दुखणाऱ्या 25 जणांच्या एका गुडघ्यात मज्जेचा अर्क आणि दुसऱ्यात मिठाचे पाणी टोचले होते, आणि दोन्ही गुडघे जवळपास सारखेच सुधारले होते. हे आधी का सांगितले नाही, असे मी विचारले. ‘सांगितले होते, बाई,’ ते म्हणाले, आणि माझ्या कागदावर त्यांनी दोन्ही आकडे लिहून घेतले.