टनेलमधला दाब डुलतोय? लगेच जाळी वाढवू नका

कॉलेजच्या लॅबमध्ये दिसणारा विंड टनेल, म्हणजे मॉडेलवरून ठरावीक वेगाने हवा वाहवणारा बोगदा, बहुतेक वेळा एकाच घाटणीचा असतो. तोंडाशी पसरट नरसाळं, हनीकोंब (प्रवाह सरळ करणारी मधमाश्यांच्या पोळ्यासारखी चौकट), दोन-तीन जाळ्या, मॉडेल ठेवायची ३० बाय ३० सेंटिमीटरची टेस्ट सेक्शन, मागे डिफ्यूझर (हळूहळू रुंद होणारा भाग) आणि शेवटी हवा ओढणारा पंखा. मॅनोमीटरमधलं (दाब दाखवणाऱ्या नळीतलं) पाणी किंवा सेन्सरचा आकडा एका जागी ठरेना, की पहिला सल्ला ठरलेला: ‘अजून एक जाळी टाका.’

जाळी मोडते ती हवेतली बारीक भोवरेगिरी. पंख्याचे दाबाचे ठोके म्हणजे आवाजच. ३० अंश तापमानाला ते सेकंदाला ३४९ मीटर वेगाने येतात आणि समोरून २० मीटरने येणाऱ्या प्रवाहाला न जुमानता जाळीतून आरपार जातात. शिवाय प्रत्येक जाळी पंख्यावरचा भार वाढवते. पंखा आधीच स्टॉलच्या (पात्यांवरून हवा सुटण्याच्या) काठावर चालत असेल तर नवी जाळी त्याला पलीकडे ढकलते आणि डुलणं वाढतं. मार्च-एप्रिलच्या धुळीने अर्धवट बुजलेली जाळीही हेच करते. म्हणून नवी घेण्याआधी आहे ती काढून साबणाच्या पाण्याने धुवा. नवी घ्यायचीच असेल तर तिचं उघडं क्षेत्र ५८ टक्क्यांच्या वर हवं. त्याहून दाट विणीच्या जाळीमागे बारीक झोत एकमेकांना चिकटतात आणि प्रवाह आणखी बिघडतो.

आधी किती दाबाबद्दल बोलतोय ते बघू. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंच आहे. ३० अंशाला इथल्या हवेची घनता घनमीटरला १.०८ किलोच्या आसपास येते, पुस्तकातली १.२२५ नव्हे. पुस्तकातला आकडा धरलात तर वेग ६ टक्के कमी निघेल. २० मीटर प्रतिसेकंदला गतिज दाब २१६ पास्कल, म्हणजे २२ मिलिमीटर पाणी. वेग १ टक्का हलला तर दाब २ टक्के हलतो, म्हणजे चार-साडेचार पास्कल. पंख्याच्या आवाजाचा १ पास्कलचा ठोका मात्र हवेचा वेग सेकंदाला फक्त अडीच-तीन मिलिमीटरने हलवतो. लिफ्ट-ड्रॅग (मॉडेलवरची उचल आणि ओढ) मोजणाऱ्याला त्याची फिकीर नको, पृष्ठभागावरचा दाब मायक्रोफोनने मोजणाऱ्याला मात्र तोच आडवा येतो.

दोष शोधायची रीत सोपी आहे, फक्त कंटाळवाणी आहे. टेस्ट सेक्शनच्या भिंतीत १ मिलिमीटरचं भोक पाडा, आतली बर (भोकाच्या कडेचा खरखरीत धातू) काढा, दोन तोंडांमधल्या दाबाचा फरक मोजणारा ±२५० पास्कलचा चपळ सेन्सर नळीने लावा आणि सेकंदाला १००० नोंदींनी दोन मिनिटं डेटा घ्या. असं ५, १०, १५ आणि २० मीटर वेगाला करा आणि चारही स्पेक्ट्रम (कुठल्या वारंवारितेला दाब किती डुलतो त्याचे आलेख) एकाखाली एक छापा. वेगाबरोबर शिखर सरकलं तर दोष फिरणाऱ्या भागात. शिखर जागचं हललं नाही तर कुठला तरी पोकळ भाग घुमतोय. शिखरच नाही, नुसता १० हर्ट्झच्या खालचा फुगवटा आहे, तर प्रवाह कुठेतरी भिंत सोडतोय किंवा खोलीची हवा त्रास देतेय.

पंख्याचा हिशेब तोंडी होतो. १४४० आरपीएम म्हणजे सेकंदाला २४ फेऱ्या. सहा पाती असतील तर १४४ हर्ट्झ. पात्यांसमोर मोटारीचे आधारही सहाच असतील तर सगळी पाती एकाच क्षणी आधारांच्या सावलीत शिरतात आणि ठोका मोठा होतो. आधार पाच किंवा सात करा, आणि पात्यापासून निदान एका पात्याच्या रुंदीइतके लांब ठेवा. बेल्ट असेल तर त्याची वारंवारिता वेगळी काढा: १५० मिलिमीटरची पुली २४ फेऱ्या फिरतेय आणि बेल्ट १.८ मीटर लांब आहे, तर सव्वासहा हर्ट्झ. बेल्टचा जोड सुजला असेल तर नेमकं तिथेच शिखर उभं राहतं आणि लोक डिफ्यूझरला दोष देत बसतात.

तरी डिफ्यूझर निर्दोष असतो असं नाही, उलट जास्त वेळा गुन्हेगार तोच. ३० बाय ३० च्या चौकोनाचा समतुल्य व्यास ३४ सेंटिमीटर. पुढे ६० सेंटिमीटरचा पंखा. बाजूचा कोन ३ अंश ठेवायचा तर डिफ्यूझर अडीच मीटर लांब हवा. खोली पुरत नाही म्हणून फॅब्रिकेटरला सव्वा मीटरचा सांगितला जातो. नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक भागातला कारागीर तोही सुबक करून देतो, पण कोन ६ अंशांवर गेलेला असतो. प्रवाह आधी एक भिंत सोडतो, मग दुसरी. खात्री करायची तर आत चार सेंटिमीटरचे लोकरीचे धागे सेलोटेपने ओळीत चिकटवा, बॅटरीचा उजेड टाका आणि मिनिटभर नुसतं बघत राहा. निरोगी धागा थरथरतो, पण शेपूट पंख्याकडेच ठेवतो. आजारी धागा उलटा वळून टेस्ट सेक्शनकडे तोंड करतो, क्षणात परत फिरतो, आणि त्याच वेळी आकडा डुलतो. लांबी वाढवणं शक्य नसेल तर डिफ्यूझरच्या तोंडाशी, तिथल्या सीमास्तराइतक्या (भिंतीलगतच्या मंदावलेल्या हवेच्या थराइतक्या) उंचीच्या पत्र्याच्या छोट्या तिरक्या पट्ट्या लावा. कुरूप दिसतात, काम करतात.

डिफ्यूझर आणि पंखा यांच्यामध्ये कॅनव्हासचा किंवा रबराचा दहा सेंटिमीटरचा जोड हवा, आणि पंख्याचा पाया वेगळा. अॅक्रिलिकची बाजू सैल असेल तर तीही डफासारखी वाजते. २० मीटर वेगाला एक मीटर लांब बाजूवर आतल्या बाजूने साडेसहा किलोची ओढ असते, तेव्हा दोन क्लॅम्पवर भागवू नका. मॉडेलच्या दांड्याभोवतीची फट फोमने बुजवा. आत दाब कमी असल्यामुळे तिथून झोत शिरतो.

खोलीचा हिशेब कोणी करत नाही. २० मीटरला सेकंदाला १.८ घनमीटर हवा वाहते. १० बाय ६ बाय ४ मीटरची खोली सव्वादोन मिनिटांत फिरून होते. पंख्याचा झोत भिंतीवर आपटून तोंडाशी परत येतो. छताचे पंखे बंद करा, तोंडाभोवती मोकळी जागा ठेवा. झोत खिडकीबाहेर सोडायचा मोह होतो, पण पावसाळ्यात पश्चिमेचा ८ मीटरचा झोका खिडकीवर ३५ पास्कलचा दाब टाकतो, म्हणजे तुमच्या मोजमापाचा सहावा हिस्सा. तोंड आणि शेपूट एकाच खोलीत असलेलं बरं.

राहिली भिंतीतल्या भोकापासून सेन्सरपर्यंतची नळी. एक मीटरची नळी ८७ हर्ट्झच्या आसपास स्वतःच घुमते, सेन्सरच्या पोकळीमुळे त्याहूनही खाली. पंधरा सेंटिमीटर नळी ठेवली की हे शिखर पाचशेच्या पुढे जातं. सेन्सरचं दुसरं तोंड उघडं सोडलं तर दार उघडताच आकडा उडतो. त्यावर काही जण ते तोंड बंद कॅनमध्ये घालतात. कॅन घट्ट बंद असेल तर १ अंश तापमान वाढल्यावर आतला दाब ३११ पास्कलने चढतो, टनेलच्या पूर्ण दाबापेक्षा जास्त. कॅनला फोम गुंडाळा आणि झाकणात इंजेक्शनची बारीक सुई खोचून ठेवा. झटका अडतो, हळू बदल निघून जातो. सुईत धूळ बसते, दर टर्मला बदला.